दोन स्तंभांचे अध्यापक : बाळशास्त्री जांभेकर

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगणाऱ्याला बाळशास्त्री जांभेकरांच्या नावापासूनच प्रारंभ करावा लागतो. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, आणि त्या घटनेच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात आजही ६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. हा गौरव सर्वथा उचित आहे. परंतु त्या गौरवाच्या प्रकाशात एक गोष्ट नकळत मागे पडली आहे. ती अशी की, बाळशास्त्री व्यवसायाने पत्रकार नव्हते. ते अध्यापक होते. त्यांचा चरितार्थ शिक्षणखात्यातील व महाविद्यालयातील नोकरीवर चालला, त्यांचा बहुतेक वेळ विद्यार्थ्यांत आणि शालेय पुस्तकांत गेला, आणि पत्रकार म्हणून त्यांनी जे केले ते त्यांच्या अध्यापनाचाच एक विस्तार होता. आज विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून संज्ञापन हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. त्याचे ऑनर्सचे वर्ग चालतात, त्यांत वृत्तलेखनापासून संज्ञापनाच्या सिद्धान्तांपर्यंत सर्व काही शिकविले जाते. अशा वेळी, ज्याने या विषयाचे नावही ऐकले नव्हते पण जो तो आयुष्यभर शिकवीत होता, अशा अध्यापकाचे चरित्र पुन्हा एकदा पाहणे उपयुक्त ठरेल.

बाळशास्त्र्यांचा जन्म आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात पोंभुर्ले या गावी झाला. जन्मवर्ष सामान्यतः १८१२ असे धरले जाते. काही अभ्यासक ते दोन वर्षे मागे नेतात. वडील गंगाधरशास्त्री हे पुराणिक होते. या वस्तुस्थितीकडे चरित्राच्या वाचकाने जरा थांबून पाहावे. पुराणिकाचे काम म्हणजे संस्कृतातील मजकूर समोर ठेवून तो जमलेल्या श्रोत्यांना त्यांच्या भाषेत समजावून देणे. एका भाषेतील ज्ञान दुसऱ्या भाषेच्या माणसांपर्यंत नेणे, ते नेताना श्रोत्यांच्या समजुतीचा अंदाज घेणे, आणि तरीही मूळ अर्थ न सोडणे, हे सारे त्यात येते. बाळशास्त्र्यांनी पुढे जे केले त्याची पहिली रूपरेषा त्यांनी घरातच पाहिली असली पाहिजे. संस्कृताचे प्राथमिक शिक्षणही त्यांना याच परंपरेत मिळाले.

इ. स. १८२५ च्या सुमारास हा मुलगा मुंबईत आला आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयाला राहिला. छत्रे हे त्या काळातील मराठी शालेय ग्रंथरचनेचे एक प्रमुख शिल्पकार. मुंबईत १८२२ साली देशी लोकांसाठी शाळा व शाळोपयोगी पुस्तके सिद्ध करणारी एक मंडळी स्थापन झाली होती; १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. छत्रे तिचे देशी चिटणीस होते. इसापच्या कथा आणि ‘बाळमित्र’ यांसारखी पुस्तके त्यांनी मराठीत आणली. अशा घरात राहिलेल्या बुद्धिमान मुलाला इंग्रजी विद्या आणि मराठी लेखन या दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटणे शक्य नव्हते. तो इंग्रजी शिकला, गणित शिकला, आणि शिकता शिकताच, ते मराठीत कसे सांगावे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. त्याची प्रगती एवढी शीघ्र होती की १८३० मध्ये तो या संस्थेचा उपचिटणीस झाला आणि लवकरच छत्र्यांच्या जागी चिटणीस म्हणून काम पाहू लागला. त्या वेळी त्याचे वय विशीच्या आसपास होते.

‘दर्पण’ निघाले ते या पार्श्वभूमीवर. मुंबईत देशी भाषेतील वृत्तपत्र ही तेव्हा अगदीच अपरिचित वस्तू नव्हती. फर्दुनजी मर्झबान यांचे गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ पासून निघत होते. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ साली ‘दिग्दर्शन’ आणि ‘समाचार दर्पण’ ही पत्रे सुरू केली होती, आणि त्यानंतर राममोहन रॉय यांनीही या क्षेत्रात पाऊल टाकले होते. बाळशास्त्र्यांनी आपल्या दोन्ही नियतकालिकांना जी नावे दिली ती बंगालमधील या नावांची आठवण करून देणारी आहेत. भाऊ महाजन या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले गोविंद विठ्ठल कुंटे आणि इतर काही इंग्रजी शिकलेले तरुण यांचे साहाय्य त्यांना होते. प्रारंभी पाक्षिक असलेले ‘दर्पण’ ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झाले, आणि २६ जून १८४० पर्यंत, म्हणजे सुमारे साडेआठ वर्षे, चालले.

‘दर्पण’च्या पृष्ठाची रचना हा या चरित्रातील मध्यवर्ती मुद्दा होय. प्रत्येक पृष्ठावर दोन स्तंभ असत : एका स्तंभात इंग्रजी मजकूर आणि शेजारच्या स्तंभात मराठी. या रचनेचे कारण वरवर पाहता व्यावहारिक होते. इंग्रजी वाचणारा राज्यकर्ता वर्ग आणि मराठी वाचणारा देशी वर्ग असे दोन्ही वर्गणीदार मिळावेत, हा हेतू त्यात असणारच. पण पत्राच्या जाहीर केलेल्या उद्दिष्टांकडे पाहिले म्हणजे याहून खोल हेतू ध्यानात येतो. देशी लोकांना इंग्रजीच्या अभ्यासाची गोडी लागावी, परदेशातील विद्या आणि घडामोडी त्यांना कळाव्यात, आणि आपल्या देशाच्या हिताहिताविषयी त्यांनी स्वतंत्रपणे विचार व वाद करावा, असे हे उद्दिष्ट होते. आता जो वाचक मराठी स्तंभ वाचता वाचता नजर शेजारी वळवील, त्याला इंग्रजीचा पाठ आपोआप मिळे. आणि जो इंग्रज अधिकारी इंग्रजी स्तंभ वाचील, त्याला देशी माणूस आपल्याविषयी व आपल्या कारभाराविषयी काय विचार करतो हे कळे. दोन समाज एकमेकांशी बोलत नव्हते. एक आज्ञा करीत होता, दुसरा ती ऐकत होता. त्या दोघांना एकाच पृष्ठावर शेजारी बसविणे ही कल्पना एखाद्या वर्गशिक्षकाला सुचावी अशीच आहे.

या प्रयत्नामागील धैर्यही लक्षात घेतले पाहिजे. छापखान्यांवरील परवान्याचे बंधन चार्ल्स मेटकाफ याच्या कारकिर्दीत १८३५ साली उठले. म्हणजे ‘दर्पण’ची पहिली साडेतीन वर्षे सरकारी परवान्याच्या छायेत गेली, आणि संपादक स्वतः सरकारच्या आधाराने चालणाऱ्या संस्थेचा सेवक होता. अशा परिस्थितीत पत्र सौम्य भाषेत लिहिणारे असणे स्वाभाविक होते. परंतु सौम्यपणा म्हणजे मौन नव्हे. विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न ‘दर्पण’ने चर्चेला घेतला. केवळ आपले मत मांडून बाळशास्त्री थांबले नाहीत. शास्त्राधार कोणता हा प्रश्न विचारला जाणार हे ओळखून त्यांनी गंगाधरशास्त्री फडके यांच्याकडून या विषयावर ग्रंथ लिहवून घेतला. ज्याला पटवावयाचे त्याच्या प्रमाणांच्या कक्षेत जाऊन त्याच्याशी बोलावे, ही वादाची पद्धत त्यात दिसते. आज संज्ञापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत श्रोतृवर्गाचा विचार म्हणून जे प्रकरण असते, त्याचे हे प्रत्यक्ष उदाहरण आहे.

१८३४ मध्ये बाळशास्त्र्यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा गव्हर्नर १८२७ साली निवृत्त होऊन गेला तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी त्याच्या स्मरणार्थ दोन लाखांवर रुपयांचा निधी जमविला होता. त्या निधीतून इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य विद्या शिकविणारे अध्यापक नेमावयाचे होते. या योजनेतून एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा उदय झाला. विलायतेहून ऑर्लिबार आणि हार्कनेस हे दोन प्राध्यापक आले. एकाकडे गणित व सृष्टिविज्ञान आणि दुसऱ्याकडे वाङ्मय असे विषय होते. या महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक म्हणून बाळशास्त्र्यांची नियुक्ती झाली. या पदावर आलेले ते पहिले भारतीय होत. तत्पूर्वी काही काळ ते अक्कलकोटच्या युवराजांचे शिक्षकही होते. संस्थानिकाच्या वाड्यातील एका विद्यार्थ्यापासून सार्वजनिक महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत झालेला हा प्रवास त्या काळाच्या बदलत्या शिक्षणपद्धतीचाच द्योतक आहे.

महाविद्यालयात त्यांनी प्रामुख्याने गणित शिकविले. गणित आणि संज्ञापन यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध त्यांच्या ग्रंथरचनेत दिसतो. भूगोल, व्याकरण, इतिहास, नीतिकथा, ज्योतिष अशा अनेक विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके सिद्ध केली. इंग्लंडच्या इतिहासाला त्यांनी ‘इंग्लंड देशाची बखर’ असे नाव दिले. परक्या देशाचा इतिहास सांगताना त्यांनी वाचकाला ओळखीची असलेली बखर ही संज्ञा पुढे केली, आणि वाचकाने तो इतिहास आपल्या परंपरेतील वाङ्मयप्रकार म्हणून हाती घेतला. गणितातील कलनशास्त्रावरील पुस्तकाला त्यांनी ‘शून्यलब्धिगणित’ म्हटले. लब्धी म्हणजे भागाकाराचे फळ. दोन राशींतील वाढ शून्याइतकी सूक्ष्म होत गेली असता त्यांच्या भागाकारातून जे फळ हाती येते त्याचे गणित, अशी या नावाची फोड करता येते. ज्याला ही कल्पना स्वतःला पूर्ण कळलेली नाही त्याला असे नाव सुचणार नाही. परिभाषा घडविणे ही कोशातून शब्द उचलण्याची क्रिया नसून विषय आत्मसात करण्याची कसोटी असते, हे या एका शब्दावरून शिकविता येईल.

येथे त्या काळातील एका मोठ्या वादाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, हा प्रश्न मुंबई इलाख्यात अनेक वर्षे गाजत होता. मेकॉलेने १८३५ साली कलकत्त्यात इंग्रजीच्या बाजूने निर्णायक मत दिले, तरी मुंबईत देशी भाषांचा पक्ष बलवान राहिला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात पुढे अर्स्किन पेरी इंग्रजीचा पुरस्कार करीत राहिला, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कॅप्टन जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू मांडली. बाळशास्त्र्यांनी या वादात जे उत्तर दिले ते कृतीने दिले. ते इंग्रजीतून शिकले आणि शिकवीत राहिले, पण त्यांच्या हातून निघालेली पुस्तके मराठीत होती. एका भाषेने दुसरीची जागा घ्यावी असे त्यांच्या मनात कधी आलेले दिसत नाही. इंग्रजी हे ज्ञान मिळविण्याचे साधन आणि मराठी हे ते वाटण्याचे साधन, एवढाही सोपा विभाग त्यांनी मानला नाही. कारण ‘दर्पण’मध्ये मराठी माणसाचे म्हणणे इंग्रजीतही जात होते. वाहतूक दोन्ही दिशांनी चालावी, हा त्यांचा आग्रह होता.

१८४० मध्ये ‘दर्पण’ थांबले. त्याच वर्षी बाळशास्त्र्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले आणि सुमारे पाच वर्षे चालविले. हे मराठीतील पहिले मासिक मानले जाते. त्यात भूगोल, सृष्टिविज्ञान, रसायन, इतिहास, व्याकरण अशा विषयांवरील लेख, नकाशे आणि आकृत्या येत. ‘दर्पण’पेक्षा हे मासिक वर्गाच्या अधिक जवळ होते. वर्गात जे थोड्या विद्यार्थ्यांना मिळे ते या मासिकातून महाविद्यालयाची पायरी कधी न चढलेल्या वाचकाला मिळू लागले. वृत्तपत्र आणि ज्ञानपत्रिका यांच्यातील भेद त्यांनी ओळखला होता, आणि दोहोंची भाषा व गती वेगळी असली पाहिजे हेही त्यांना कळले होते.

संशोधनाच्या क्षेत्रातही त्यांची गती होती. ताम्रपट आणि शिलालेख यांचे वाचन करून त्यांनी लिहिलेले लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही काळ त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले. संस्कृत, मराठी आणि इंग्रजी यांखेरीज गुजराती, बंगाली, कानडी, फारसी आणि काही युरोपीय भाषा त्यांना अवगत होत्या असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. १८४५ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाछापावरील आवृत्ती प्रसिद्ध केली. ज्ञानेश्वरी मुद्रित स्वरूपात वाचकांच्या हाती आली ती प्रथम या आवृत्तीने. कलनशास्त्र मराठीत आणणाऱ्या माणसाने ज्ञानेश्वरी छापावी यात विसंगती नाही. गीतेचा अर्थ मराठीत सांगणारा तो ग्रंथ मठांतील आणि घराण्यांतील हस्तलिखितांतून बाहेर काढून छापखान्याच्या द्वारे कोणाच्याही हाती देणे, हे त्यांच्या अंगीकृत कार्याशी सुसंगतच होते.

अध्यापकाच्या शब्दाची कसोटी मात्र वर्गाबाहेर होत असते. ती कसोटी बाळशास्त्र्यांवर १८४३ मध्ये आली. नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतीला वडिलांच्या स्वाधीन केले. प्रश्न उभा राहिला तो पुढे. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या आणि तेथील अन्न घेतलेल्या या मुलाला जातीत परत घ्यावे काय? बाळशास्त्र्यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा पक्ष उचलून धरला. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला आणि बहिष्काराचे शस्त्र उगारले. ज्यांच्याशी ‘दर्पण’च्या स्तंभांतून वाद घालता येत होता, त्यांच्याशी आता पंक्तीत आणि देवळात सामना होता. कागदावर सुधारणेचा पुरस्कार करणे आणि त्यासाठी स्वतःच्या ज्ञातीचा रोष पत्करणे यांत केवढे अंतर असते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी जवळून पाहिले. या प्रकरणात त्यांची भूमिका मिशनऱ्यांच्या धर्मांतराला विरोध करणारी आणि त्याच वेळी स्वसमाजाच्या कठोरपणालाही विरोध करणारी होती. दोन्ही बाजूंना ती अप्रिय झाली असल्यास नवल नाही. दोन स्तंभांच्या मध्ये उभे राहणाऱ्याला हे चुकत नाही.

१८४५ मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. खेड्यापाड्यांतील मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचे हे काम होते. जे दहा-बारा वर्षे त्यांनी महाविद्यालयात केले ते आता अनेक हातांनी इलाखाभर व्हावे, अशी ही योजना होती. परंतु तिला त्यांचा सहवास फार काळ लाभला नाही. शिलालेखांच्या शोधार्थ केलेल्या प्रवासानंतर ते आजारी पडले आणि मे १८४६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते.

एवढ्या अल्प आयुष्याचे मोजमाप ग्रंथसंख्येने करणे योग्य होणार नाही. ते विद्यार्थ्यांवरून केले पाहिजे. एल्फिन्स्टनमध्ये त्यांच्या काळात शिकलेल्यांत दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड यांची नावे येतात. दादाभाई पुढे त्याच महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र काढले. गणित आणि वृत्तपत्र यांचा संयोग एका पिढीत पुन्हा दिसला. भाऊ दाजी वैद्यकाकडे वळले, पण शिलालेखांच्या वाचनात त्यांनी जे यश मिळविले त्याची वाट बाळशास्त्र्यांनी आधीच दाखविली होती. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये ‘प्रभाकर’ काढले, आणि लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून त्यातच प्रसिद्ध झाली. बाळशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली ज्ञानप्रसारक सभा स्थापिली, मुलींच्या शाळा उघडल्या, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक चालविले. एल्फिन्स्टनच्या याच वातावरणात आणि कुलाब्याच्या वेधशाळेत घडलेले केरो लक्ष्मण छत्रे पुढे पुण्यात टिळकांचे गणिताचे गुरू झाले.

दोन स्तंभांची कल्पनाही संपली नाही. १८६२ मध्ये निघालेले ‘इंदुप्रकाश’ इंग्रजी-मराठी होते, आणि त्याच्या इंग्रजी भागाचे संपादन न्यायमूर्ती रानडे यांनी केले. १८८१ च्या जानेवारीत टिळक-आगरकरांच्या मंडळींनी ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत काढला. एका पृष्ठावरील दोन स्तंभांची ही दोन स्वतंत्र पत्रे झाली. मंडळी तीच, छापखाना तोच, आणि ते सारे न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षक. महाराष्ट्रात शिक्षक आणि संपादक ही दोन माणसे फार काळ वेगळी नव्हतीच, हे यावरून ध्यानी येते.

तथापि बाळशास्त्र्यांच्या कार्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. ‘दर्पण’चा वाचक हा साक्षर, नागर आणि बहुतांशी उच्चवर्णीय होता. राज्यकर्ता आणि हा नवशिक्षित वर्ग यांच्यामध्ये संवाद घडविणे हे त्या पत्राचे क्षेत्र. ज्याला अक्षरओळखच नाकारली गेली होती त्याच्यासाठी त्या पृष्ठावर तिसरा स्तंभ नव्हता. तो स्तंभ जोतीराव फुल्यांच्या शाळांनी आणि सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’ने १८७७ मध्ये उघडला, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढून तो अधिक रुंद केला. आंबेडकरही त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. बाळशास्त्र्यांनी जी प्रथा घातली तिचा उपयोग त्यांच्या कल्पनेबाहेरच्या समाजाने केला, आणि त्या प्रथेचे मोठेपण त्यातच आहे.

पत्रकारितेचे रीतसर महाविद्यालयीन शिक्षण आपल्याकडे पुष्कळ उशिरा आले. लाहोरला पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये, आणि नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी असे वर्ग सुरू झाले. तेव्हापासून हा विषय देशभर पसरला. या शिक्षणाने पुष्कळ गोष्टी दिल्या : वृत्तलेखनाची शिस्त, कायद्याचे ज्ञान, तंत्राची ओळख. मात्र एक गोष्ट त्यातून निसटत गेली, आणि ती महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत अधिक तीव्रतेने जाणवते. बंगळूरच्या दक्षिणेकडील जे. पी. नगर ही वसाहत उदाहरणादाखल घ्यावी. शहाजीराजांना सतराव्या शतकात बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहरात मराठी बोलली जात आहे. नोकरीनिमित्त येणाऱ्या नव्या कुटुंबांनी तिच्यात भर घातली. अशा वसाहतीतील एखादा ऑनर्सचा विद्यार्थी घरी मराठी बोलतो, शेजाऱ्यांशी आणि दुकानात कन्नड बोलतो, आणि संज्ञापन हा विषय इंग्रजीत शिकतो. त्याच्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणे बहुधा अमेरिकेतील असतात. तीन भाषा त्याच्यापाशी आहेत, पण एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेऊन दाखव, असे त्याला वर्गात क्वचितच सांगितले जाते. त्याच्या हाती तीन स्तंभ आहेत, आणि परीक्षेत तो एकच भरतो.

बाळशास्त्र्यांच्या चरित्रातून या वर्गासाठी काही धडा घ्यावयाचा असेल तर तो येथे आहे. त्यांनी विद्यार्थ्याला प्रथम विषय दिला, गणित दिले, भूगोल दिला. आणि तो विषय दुसऱ्याला कळेल अशा रीतीने सांगण्याची जबाबदारी दिली. सांगण्याचे तंत्र त्या जबाबदारीतून आले. आजचा अध्यापक हा क्रम पुन्हा घालून पाहू शकतो. आपल्या वस्तीतील पाण्याचा प्रश्न, जवळच्या तळ्याची अवस्था, नगरपालिकेचा ठराव यांपैकी काहीही घेऊन विद्यार्थ्याने ते आधी समजून घ्यावे. मग इंग्रजीत अधिकाऱ्यासाठी, कन्नडमध्ये शेजाऱ्यासाठी आणि मराठीत आपल्या आजीसाठी लिहावे. तीन मजकूर सारखे होणार नाहीत. ते का झाले नाहीत याची चर्चा म्हणजेच संज्ञापनाचा तास. ज्यांचे नाव ही वसाहत धारण करते त्या जयप्रकाश नारायणांना जून १९७५ मध्ये स्थानबद्ध करण्यात आले आणि वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण बसविले गेले, तेव्हा बोलण्याचे स्वातंत्र्य किती नाजूक असते हे देशाला कळले. ते टिकविण्याची पहिली तयारी वर्गातच होते : विषय जाणून बोलणे, समोरच्याला कळेल असे बोलणे, आणि बोललेल्याची किंमत द्यावी लागली तर ती देणे. यांतील तिसरी गोष्ट श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणाने शिकविली. पहिल्या दोन ‘दर्पण’च्या पृष्ठांवर सिद्ध झाल्या.

बाळशास्त्र्यांनी अध्यापनाविषयी सिद्धान्तग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या मागे राहिले ते विद्यार्थी, शालेय पुस्तके, एक मासिक आणि दोन स्तंभांचे ते पत्र. आद्य पत्रकार म्हणून त्यांचे स्मरण दरवर्षी होते. त्यांचे नाव ज्या दिवशी संज्ञापनाच्या वर्गात आद्य अध्यापक म्हणूनही घेतले जाईल, आणि विद्यार्थी आपल्या भाषेचा रिकामा ठेवलेला स्तंभ भरू लागतील, त्या दिवशी ते स्मरण पूर्ण होईल.